जुन्याच कंपनीत परत रुजू होताय? पीएफचं उत्तर गेटवर नाही, पासबुकात आहे

प्रश्न थोडक्यात असा आहे: "नाशिकमधल्या सातपूरच्या एका कंपनीत जुलै 2010 ते मार्च 2020 काम केलं. सोडल्यावर सहा-सात महिन्यांनी मोबाईलवरून क्लेम टाकून पीएफ काढला, एकदाच पैसे जमा झाले. ग्रॅच्युइटी मिळाली होती. आता वय 44, त्याच कंपनीने परत बोलावलंय. बेसिक-डीए (मूळ पगार नि महागाई भत्ता) मिळून 22,000. एचआर म्हणतं, पंधरा हजारांच्या वर बेसिक असल्यामुळे पीएफ नाही, आणि जुनी सर्व्हिस विसरा, तुम्ही नवीन जॉइनी. गेट तेच, सुपरवायझर तोच, मग मी नवीन कसा? माझ्याबरोबर 59 वर्षांचे एक काकाही रिटायर होऊन परत आलेत, त्यांनाही पीएफ नाही म्हणतात."

मी 22 वर्षं सातपूर-अंबडच्या छोट्या-मध्यम कारखान्यांचं पीएफचं काम बघतो. हा प्रश्न महिन्यातून दोन-तीनदा तरी समोर येतो, विशेषतः ऑर्डरी वाढल्या आणि कंपन्या जुन्या हातांना फोन करायला लागल्या की. त्यामुळे आधी एक गोष्ट सांगतो, बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. तुम्ही त्याच कंपनीत परत आलात की शेजारच्या प्लॉटवर लागलात, याने पीएफच्या पात्रतेत काडीचा फरक पडत नाही. फरक पडतो तो जाताना तुम्ही काय उचललंत आणि तेव्हा तुमचं वय काय होतं, याने. तुमचे एचआरवाले कंपनीचा मस्टर बघून बोलतायत. पीएफचा कायदा खातं बघतो.

दुसरं, "पीएफ" म्हणून आपण ज्याला एकच डबा समजतो त्यात दोन डबे आहेत, आणि ग्रॅच्युइटीचा तिसरा वेगळाच. तुमच्या पगारातून कापलेले 12 टक्के सगळे पीएफमध्ये जातात. कंपनीच्या 12 टक्क्यांतले 8.33 टक्के पेन्शन योजनेत, म्हणजे 1995 च्या ईपीएसमध्ये जातात आणि उरलेले 3.67 पीएफमध्ये. पीएफ काढला म्हणजे पेन्शनही काढली असं होत नाही. दोघांचे फॉर्म वेगळे आहेत: पीएफच्या अंतिम रकमेसाठी 19 नंबरचा, पेन्शनच्या रकमेसाठी किंवा तिच्या सर्टिफिकेटसाठी 10सी. तुम्ही "एकदाच पैसे जमा झाले" असं लिहिलंय ना, तिथेच माझे कान टवकारले. ज्यांनी दोन्ही काढलेलं असतं त्यांच्या खात्यात बहुतेक वेळा दोन वेगळ्या रकमा दोन वेगळ्या दिवशी पडतात.

आता तुमची सर्व्हिस मोजू. जुलै 2010 ते मार्च 2020 म्हणजे पावणेदहा वर्षं. पेन्शनसाठी पात्र सेवा मोजताना सहा महिने किंवा त्याहून जास्तीचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात. म्हणजे तुमची पावणेदहा झाली दहा. आणि दहा झाली की पेन्शनची रक्कम एकरकमी काढताच येत नाही, फक्त स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे पेन्शन सेवेचा दाखला मिळतो आणि वय झाल्यावर पेन्शन. त्यामुळे तुम्ही पेन्शनची रक्कम मागितली असती तरी तो क्लेम पास झाला नसता. तुमची दहा वर्षांची पेन्शन सेवा आजही जिवंत असण्याची दाट शक्यता आहे आणि तुम्हाला त्याचा पत्ताच नाही.

"दाट शक्यता" म्हणतोय, "नक्की" म्हणत नाही, याला कारण आहे. बिनपगारी दिवस या मोजणीतून वजा होतात. 2013-14 आणि 2019 मध्ये आपल्याकडच्या ऑटो लाइनवर ब्लॉक क्लोजर, म्हणजे काही दिवस कारखाना बंद ठेवणं, किती झाले ते तुम्ही अनुभवलंच असेल. कुणी आजारपणात, कुणी घरच्या द्राक्षाच्या छाटणीला दोन-दोन महिने बिनपगारी रजा टाकलेली असते. तुमचे असे दिवस मिळून तीन महिन्यांच्या वर गेले असतील तर तुम्ही साडेनऊच्या खाली घसरता, आणि मग दहाचा आकडा राहत नाही. अर्थात तेव्हाही पेन्शनची रक्कम काढलेली नसेल तर सेवा बुडत नाही, नव्या नोकरीत पुढे जोडता येते. दहा वर्षांच्या आत असलेल्या माणसाला रक्कम काढायची मुभा असते, एवढाच फरक. म्हणून आधी पासबुक उघडा. यूएएन (पीएफचा आयुष्यभराचा नंबर) टाकून लॉगिन केलं की जुन्या मेंबर आयडीखाली (त्या कंपनीतल्या पीएफ खात्याचा नंबर) तीन रकाने दिसतात: तुमचा हिस्सा, कंपनीचा हिस्सा, पेन्शनचा हिस्सा. पहिले दोन शून्यावर आलेत आणि तिसऱ्यात महिन्याला 541, पुढे 1,250 किंवा त्याच्या आसपासचे आकडे तसेच आहेत, असं दिसलं तर पेन्शन शाबूत. (सप्टेंबर 2014 पूर्वी पेन्शनसाठी धरायच्या पगाराची मर्यादा 6,500 होती, तिचे 8.33 टक्के म्हणजे ते 541. नंतर मर्यादा 15,000 झाली, तिचे 1,250.) शिवाय क्लेम स्टेटसमध्ये फॉर्मचा नंबर दिसतो तोही बघा, कारण आणखी एक फाटा फुटतो तिथे.

तुम्ही 2020 च्या ऑक्टोबरच्या सुमारास क्लेम टाकलात. त्या वर्षी करोनासाठी म्हणून खास अॅडव्हान्स सुरू होता: तीन महिन्यांचा पगार किंवा शिलकीच्या 75 टक्के, जे कमी असेल ते. लाखो लोकांनी तो उचलला आणि गावभर "मी पीएफ काढला" असं सांगितलं. पण अॅडव्हान्स वेगळा, अंतिम हिशेब वेगळा. अॅडव्हान्स 31 नंबरच्या फॉर्मने निघतो, त्याने सभासदत्व संपत नाही. तुमचा क्लेम 31 चा निघाला आणि खात्यात काही शिल्लक राहिलेली असेल, तर तुम्ही आजही पीएफचे सभासद आहात. तसं असेल तर एचआरचं "पंधरा हजारांच्या वर, म्हणून पीएफ नाही" हे सरळ चूक ठरतं. पगाराची ती मर्यादा नव्याने सभासद होणाऱ्याला लागते. जो आधीच सभासद आहे, त्याचा पगार 22,000 असो की 82,000, त्याला बाहेर ठेवता येत नाही. कंपनी फार तर 15,000 वरच कपात करेल, म्हणजे तुमचे 1,800 आणि त्यांचे 1,800, पण कपात करावीच लागेल.

क्लेम 19 चा असेल आणि पूर्ण रक्कम निघाली असेल, तर एचआरच्या बोलण्यात अर्धं तथ्य आहे. पूर्ण हिशेब करून बाहेर पडलेला माणूस परत येतो तेव्हा रुजू होण्याच्या दिवशीचा पगार बघतात. बेसिक-डीए 15,000 च्या आत असेल तर पहिल्या दिवसापासून पीएफ सक्तीचा, आधी काढलेला असो वा नसो. काही ठिकाणी "तीन महिने प्रोबेशन, मग पीएफ" सांगतात, त्याला 1990 पासून काही आधार नाही. बेसिक-डीए 15,000 च्या वर असेल तर सक्ती नाही, पण बंदीही नाही. तुम्ही आणि कंपनी दोघांनी मिळून संयुक्त अर्ज दिला आणि पीएफ ऑफिसने मान्य केला की तुम्ही सभासद होता. एचआर हा दुसरा भाग सांगत नाही, कारण तो सांगितला की कंपनीला दरमहा तिचा हिस्सा भरावा लागतो, वर प्रशासन खर्च.

इथे खरं बोलतो: कंपनीने सही करायला नकार दिला तर तुम्ही तिला भाग पाडू शकत नाही. पण मी आजवर पाहिलंय की परत बोलावलेला माणूस हा नवीन भरतीपेक्षा घासाघीस करण्याच्या बऱ्या जागी असतो. त्यांना तुमचा हात हवाय म्हणूनच फोन आलाय. अपॉइंटमेंट लेटरवर सही करायच्या आधी हे बोला, नंतर बोलून फारसा उपयोग नसतो. आणि लेटरमधलं पगाराचं विभाजनही नीट वाचा. तोंडी "बेसिक-डीए 22,000" म्हणतात आणि कागदावर बेसिक 12,500 नि उरलेलं "स्पेशल अलाउन्स" असतं, असे प्रकार होतात. तसं असेल आणि तो भत्ता सरसकट सगळ्यांना मिळत नसेल, तर पीएफ टाळण्याचा त्यांचा मुद्दाच कोसळतो. सरसकट सगळ्यांना मिळणारा भत्ता मात्र पीएफसाठी पगारात धरायचा, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2019 मध्ये सांगितलंय. त्यामुळे कंपनीला बेसिक 22,000 दाखवून पीएफ नाकारायचा आणि इतर हिशेबात बेसिक 12,500 धरायचं, असं दोन्हीकडून खाता येत नाही.

संयुक्त अर्जासाठी एवढा आटापिटा का करायचा? कारण तुमची दहा वर्षांची पेन्शन. समजा तुम्ही पीएफच्या बाहेर राहिलात. मग 58 व्या वर्षी तुम्हाला फक्त जुन्या दहा वर्षांवर पेन्शन मिळेल. ऑगस्ट 2014 पर्यंतचा काळ 6,500 च्या मर्यादेवर, पुढचा तुमच्या तेव्हाच्या पगारावर, आणि त्याला सेवेच्या वर्षांनी गुणून 70 ने भागायचं. शेवटच्या पाच वर्षांची सरासरी 13,000 च्या आसपास धरली तर महिना साधारण 1,400 रुपये होतात. आता समजा तुम्ही आत आलात आणि 58 पर्यंत चौदा वर्षं टिकलात. एकूण सेवा वीस वर्षांच्या वर जाते, म्हणून दोन वर्षं बोनस मिळतात. 15,000 च्या मर्यादेने तोच हिशेब केला तर आकडा 5,000 च्या घरात जातो. फार मोठी रक्कम नाही, मान्य. पण ती मरेपर्यंत येते, मागे बायकोला निम्मी येते, आणि तिच्यासाठी तुमच्या खिशातून वेगळा पैसा जात नाही, ती कंपनीच्या हिश्शातून भरली जाते. माझ्या टेबलासमोर बसून लोक हा हिशेब करतात तेव्हा गप्प होतात.

अट एकच, पेन्शनचं जुनं सभासदत्व शाबूत हवं. 1 सप्टेंबर 2014 नंतर पहिल्यांदा सभासद होणारा माणूस 15,000 च्या वर पगार असेल तर पेन्शन योजनेत येऊच शकत नाही, त्याचे सगळे पैसे पीएफमध्येच जातात. तुम्ही 2010 चे सभासद आहात आणि पेन्शनची रक्कम काढलेली नाही, म्हणून तुम्हाला दार उघडं आहे. कुणी दहा वर्षांच्या आत 10सी भरून रक्कम उचलली असेल तर त्याची मागची सेवा पुसली गेली, आणि 22,000 पगारावर तो पेन्शनमध्ये परत येऊ शकत नाही. एकाच लाइनवर शेजारी उभ्या असलेल्या, एकाच दिवशी परत आलेल्या दोन माणसांची पात्रता अशी वेगवेगळी असते.

एक प्रसंग सांगतो. दोन वर्षांपूर्वी एक टूलरूम फिटर माझ्याकडे आले होते. एका कंपनीत बारा वर्षं, मग तीन वर्षं स्वतःचं छोटं वर्कशॉप, ते बसलं, परत त्याच कंपनीत. रुजू होताना त्यांच्यापुढे 11 नंबरचा डिक्लेरेशन फॉर्म ठेवला होता. त्यात दोन प्रश्न एकाखाली एक असतात: पूर्वी पीएफचे सभासद होतात का, आणि पूर्वी पेन्शन योजनेचे सभासद होतात का. दोन्हींपुढे हो-नाही. गेटवरच्या पोराने घाईत दोन्हींना "नाही" केलं आणि यांनी सही ठोकली. पगार 15,000 च्या वर, म्हणून कंपनीने सगळा हिस्सा पीएफमध्ये भरला, पेन्शनमध्ये शून्य. वर नवीन यूएएनही निघाला. अडीच वर्षांनी त्यांच्या मुलीने पासबुक उघडलं, पेन्शनचा रकाना कोरा. एका खुणेसाठी संयुक्त डिक्लेरेशन, जुन्या पगारपत्रकांच्या झेरॉक्स, दोन यूएएनचं विलीनीकरण आणि चुकीच्या खात्यात गेलेली पेन्शनची रक्कम वळवणं, असं सगळं करावं लागलं. नऊ महिने गेले. झालं काम, पण त्या नऊ महिन्यांत त्यांना माझ्या ऑफिसचा जिना पाठ झाला.

यूएएनवरून आठवलं. 1 ऑगस्ट 2025 पासून केंद्राची नवीन रोजगाराची प्रोत्साहन योजना आहे, तिच्यात पहिल्यांदाच पीएफमध्ये येणाऱ्या कामगाराला जास्तीत जास्त 15,000 रुपये दोन हप्त्यांत मिळतात. त्या लोभाने "जुना यूएएन सांगू नको, नवीन काढू" असा सल्ला देणारे आहेत. ऐकू नका. तुम्ही पहिल्यांदा येणारे नाही, आधार जोडलेलं असल्यामुळे ते आज ना उद्या उघड होतं, आणि तोवर तुमची जुनी सेवा नव्या खात्यापासून तुटलेली राहते. यूएएन आयुष्यभर एकच. मेंबर आयडी मात्र त्याच कंपनीत परत आलात तरी नवीन घ्यायला लावा. जुन्याच आयडीवरची सोडल्याची तारीख खोडून काम चालू ठेवलं तर मधली सगळी वर्षं बिनपगारी दिवस म्हणून दिसायला लागतात. तो गुंता पेन्शनच्या वेळी सुटता सुटत नाही.

आता काकांचं. 59 वय म्हणजे दोन प्रश्न. पहिला, निवृत्त झाल्यावर त्यांनी पीएफचा पूर्ण हिशेब केला का? 55 नंतर निवृत्त होऊन पूर्ण रक्कम काढलेला माणूस कायद्याच्या भाषेत वगळलेला कर्मचारी होतो. तो परत नोकरीला लागला तर त्याला पीएफ लागू करण्याची सक्ती नाही, पगार 10,000 असला तरी. इथे एचआर बरोबर आहे. पण काकांनी पैसे तसेच ठेवले असतील, आणि असं खूप जण करतात कारण बँकेपेक्षा व्याज बरं, 2024-25 ला 8.25 टक्के होतं, तर ते अजून सभासद आहेत आणि पीएफ कापलाच पाहिजे. पीएफला वयाची वरची मर्यादा नाही.

दुसरा प्रश्न पेन्शनचा, आणि तो सोपा आहे: 58 नंतर पेन्शन योजनेत काही भरायचं नाही. कंपनीचे पूर्ण 12 टक्के पीएफमध्ये जायला हवेत. इथे कंपन्यांची सिस्टीम हमखास चुकते. सॉफ्टवेअरमध्ये जन्मतारीख चुकीची असते आणि 1,250 पेन्शनला जातच राहतात. काकांना सांगा, पासबुकात 58 व्या वाढदिवसानंतर पेन्शनच्या रकान्यात काही दिसत असेल तर लगेच लेखी द्या. त्यांची पेन्शन सुरू झालेली असेल तर पगार चालू झाल्याने ती बंद होत नाही, ती भीती बऱ्याच जणांना असते. अजून सुरू केली नसेल तर 60 पर्यंत पुढे ढकलता येते, दर वर्षाला 4 टक्के वाढीने.

यात एक अपवाद आहे. 50 ते 58 च्या दरम्यान कमी केलेली लवकरची पेन्शन ज्याने सुरू केली, तो परत नोकरीला लागला तर त्याला पेन्शन योजनेत पुन्हा प्रवेश नाही, सगळं पीएफमध्ये. तुम्ही सहा वर्षांनी पन्नाशीचे व्हाल तेव्हा कुणीतरी सायबर कॅफेवाला सुचवेल की "तुमची दहा वर्षं भरलीत, पेन्शन चालू करून टाका". 58 ला जितकी वर्षं कमी, तितके चार-चार टक्के कापले जातात आणि पुढची सेवाही जोडता येत नाही. तेव्हा हे आठवा.

काका "कन्सल्टंट" म्हणून फी घेत असतील तर वेगळी गोष्ट. पण आठ तासांची पाळी, पंचिंग, रजेचा अर्ज, आणि कागदावर कन्सल्टंट, असं असेल तर पीएफ ऑफिस कागद बघत नाही, काम बघतं. ठेकेदारामार्फत घेतलं असेल तरी तो कर्मचारीच धरतात.

ग्रॅच्युइटी मी मुद्दाम शेवटी ठेवली, कारण तिथे एचआर बहुतांश बरोबर आहे. तुम्ही राजीनामा दिला, हिशेब झाला, पैसे मिळाले. तुमचं शेवटचं बेसिक-डीए 14,000 धरलं तर 14,000 गुणिले 15 भागिले 26 गुणिले 10 वर्षं, म्हणजे 80,769 रुपये मिळायला हवे होते. सहा महिन्यांच्या वरचा तुकडा इथेही पूर्ण वर्ष धरतात, तेव्हा त्यांनी नऊ वर्षांचेच दिले असतील तर एका वर्षाचे 8,077 मागा. आता नव्याने मोजणी सुरू, पाच वर्षं पुन्हा. मात्र तुम्हाला ठरावीक मुदतीच्या करारावर घेतलं असेल तर 21 नोव्हेंबर 2025 ला लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेप्रमाणे एक वर्षावरही ग्रॅच्युइटी लागते. लेटरमध्ये "मुदत" शब्द आहे का ते बघा.

ज्यांनी अजून पैसे काढलेले नाहीत आणि नोकरी बदलताना काढायच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी: पूर्ण रक्कम काढायची मुदत बेरोजगारीच्या 2 महिन्यांवरून 12 महिने आणि पेन्शनच्या रकमेसाठी 36 महिने करायचं पीएफच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने ऑक्टोबर 2025 मध्ये ठरवलं. लोकांनी त्यावर आरडाओरडा केला. माझ्या टेबलावरून पाहिलं तर मला तो निर्णय वाईट वाटत नाही. दोन महिन्यांत काढून टाकलेल्या पीएफची किंमत मी परत आलेल्या माणसांच्या तोंडावर पाहतो.

तर तुमच्यापुरतं, या आठवड्यात. पासबुक आणि क्लेम स्टेटस उघडून फॉर्म 19 होता की 31 ते बघा. 31 असेल आणि शिल्लक असेल तर एचआरला पासबुकाची प्रिंट दाखवा, वाद तिथेच संपतो. 19 असेल तर संयुक्त अर्जाची मागणी लेखी, ईमेलवर करा. दोन्ही बाबतीत पेन्शन शाबूत असल्यास 10सी भरून (रक्कम नाही, सर्टिफिकेटचा पर्याय निवडून) स्कीम सर्टिफिकेट मागवा आणि ते कंपनीमार्फत जोडा. त्यासाठी जुन्या आयडीवर सोडल्याची तारीख भरलेली हवी. नसेल तर ती आता सभासदाला स्वतः ऑनलाइन टाकता येते, शेवटच्या हप्त्यानंतर दोन महिने उलटलेले असले की झालं. आणि 11 नंबरचा फॉर्म समोर आला की त्या दोन प्रश्नांवर थांबा, दोन्हींपुढे "हो" करा, जुना यूएएन स्वतःच्या हाताने लिहा आणि सही केलेल्या पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. गेटवरच्या पोराला घाई असेल तर असू द्या.